केकताडाची शीव

नारळ उभा राहिला तो नेमका आमच्या बाजूला.

जमिनीतलं पाणी दाखवणारा पाणाड्या सकाळपासून शेजारच्या केरबा भावजींच्या रानात हिंडत होता. तळहातावर नारळ आडवा ठेवलेला, डोळे अर्धे मिटलेले, आणि मागं आम्ही सगळे तोंडं मिटून चाललेलो. भावजींचं सगळं रान पालथं घातलं तरी नारळ ढिम्म हलला नाही. मग पाणाड्या बांधाशी आला, केकताडाच्या दोन झाडांमधल्या फटीतून अंग चोरून आमच्या रानात शिरला, चार-पाच पावलं टाकली, आणि नारळ हातावर ताडकन उभा!

"हितं खांदा," तो म्हणाला. "पानी न्हाई लागलं तर हा धंदा सोडतो."

"ह्ये रान आमचं हाय," माझा नवरा दिनकर पुढं होत म्हणाला.

"आसंल, बाबा. पान्याला बांध दिसत न्हाई."

माण मुलखातलं आमचं गाव. सोयरीक जुळवताना मुलगा किती शिकलाय हे मागनं विचारायचं, आधी विहिरीला चैत्रात पाणी असतं का ते विचारायचं, अशी तिथली तऱ्हा. आमच्या रानात विहीर नव्हती, भावजींच्याही नव्हती. उन्हाळा लागला की दोन्ही घरच्या बायका ओढ्यात झरे उकरून वाटीवाटीनं घागरी भरायच्या. भावजींची बायको, पारूबाई, घागरी वाहता वाहता कंबरेतून वाकली ती पुन्हा सरळ झालीच नाही; त्यातच गेली. तिचा मुलगा सर्जेराव तेव्हा फौजेत होता. पेन्शन घेऊन गावी आला तो विहीर पाडायचीच असं मनाशी धरून.

तो सर्जेराव नारळाच्या जागेकडं बघत उभा होता. मग हळूच म्हणाला, "दिनकर, तुला खरं वाटनार न्हाई. पर हितं आमची तूर आसायची. मी साळंत जायचो तवा. केकताड पार तिकडं हुतं, तुमच्या अंगाला."

"मग काय केकताड पायानं चालत आलं व्हय?"

सगळे खदाखदा हसले. मीही हसले. आत्याबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

आत्याबाई म्हणजे माझी सासू, भामाबाई. आणि केकताड म्हणजे पुस्तकात घायपात म्हणतात ते. जाड, खाजरी पानं, टोकाला सुईसारखा काटा. लोक बांधावर लावतात आणि विसरून जातात, दोरासाठी वाख काढायला पानं लागली तर तेवढी आठवण होते. असल्या झाडाला माया कोण लावतं? माझी सासू लावायची. पानांची टोकं विळ्यानं छाटायची, कुणाच्या जनावराच्या डोळ्यात जाऊ नयेत म्हणून. हाताला तेल चोळून फडकी गुंडाळायची, कारण चीक लागला की माणूस नुसता खाजवून रक्त काढतो. आमच्या म्हशीला नसेल मिळाली तेवढी चाकरी त्या बांधाला मिळायची.

लग्न होऊन आले त्याच वर्षी त्यांनी माझ्या हातात पहार दिली. पावसाळा सरला की केकताडाच्या बुडाशी पिलं फुटतात, ती दाखवत म्हणाल्या, "वच्छे, आपल्या अंगाची पिलं मुळासकट काडायची. पिकाचं खात्यात ती. पल्याडची ऱ्हाऊ द्यायची. म्हातारं झाड फुलाचा दांडा टाकून मेलं की तीच म्होरं कुपान धरत्यात." मेलेल्या झाडाचं खोडसुद्धा त्या ठेवायच्या नाहीत. खणून काढायच्या आणि तिथनं नांगर फिरवायला लावायच्या. मी मनात म्हणायची, काय बाई टापटिपीची! गावातही म्हणायचे, कुंपण बघावं तर भामाबाईचं.

आणि गाव नुसतं कुंपणालाच नावाजत नव्हतं. सासरा तरणाबांड असताना गेला. पदरात दोन चिमुरडी. रानाच्या एका अंगाला ओढा, तो दर पावसाळ्यात काठ ढासळवून आमचं रान खायचा. दुसऱ्या अंगाला भावजींचा बांध. एवढ्याशा तुकड्यावर त्या बाईनं पोरं वाढवली, लेक उजवली, दिनकरला हाताशी आणलं. भामाबाई उपाशी निजेल पण दुसऱ्याच्या काडीला हात लावणार नाही, असं लोक शपथेवर सांगायचे.

त्यामुळं दिनकरला जोर चढला. "पानी आमच्या रानात निगालं, हीर आमी पाडू," म्हणाला.

"मी मोजनी आनतो," सर्जेराव म्हणाला.

"आन की! तुझ्या बंदुकीला भितो का काय मी?"

दोघं हमरीतुमरीवर आले. लहानपणी एका ताटात जेवलेली पोरं ती! पाणाड्यानं आपला नारळ पिशवीत घातला आणि हळूच काढता पाय घेतला.

दिवस मावळायला मारुतीच्या पारावर गाव बसलं. केरबा भावजी तसे अबोल. माझ्या सासऱ्याचे जिवाभावाचे दोस्त, म्हणून आत्याबाई त्यांना भावजी म्हणायच्या, आणि त्यांचं ऐकून मीही. दोन्ही पोरांचं भांडण त्यांनी निमूट ऐकून घेतलं. मग तंबाखूची चिमूट टाकून दिली आणि म्हणाले, "मोजनी-बिजनी नगं. वैनीनं शीव चालावी. त्या जितनं चालतील तितं माजा बांध. मला मान्य. सर्ज्या, तुलाबी मान्य."

शीव चालणं काय असतं हे आता कुणाला ठाऊक नाही. तेव्हाच्या म्हाताऱ्यांनी मात्र पाहिलेलं होतं. वादाच्या जागेची माती पाटीत भरायची. चालणाऱ्यानं आंघोळ करून, ओलेत्यानं, अनवाणी ती पाटी डोक्यावर घ्यायची आणि बांधाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. पाटी मध्येच खाली ठेवायची नाही. पावलं पडतील ती शीव, मग तिच्यावर कुणी ब्र काढायचा नाही. आणि खोटं चाललं तर? खोटं चालणाऱ्याच्या घरात पाळणा हलत नाही, असं म्हणायचे.

मला तेव्हा पाचवा महिना होता. आधीची दोन पोटं पडलेली. माझा थोरला तेव्हा पोटात, पण तो थोरला ठरणार हे कुणी सांगावं? त्या खेपेला आत्याबाईंनी मला घागर म्हणून उचलू दिली नव्हती. माझ्या वाटणीच्या खेपाही स्वतःच मारायच्या.

दिनकर तर उड्या मारतच घरी आला. "झालं काम! आये, तू खोटं बोलनारी हायस का? तू निस्ती चाल. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

आत्याबाईंनी भाकरी परातीत तशीच झाकून ठेवली आणि भिंतीकडं तोंड करून आडव्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपार टळत आली तरी त्या रानातून परतल्या नाहीत. मी भाकरी बांधून घेऊन गेले. बघते तर बांधाशी बसलेल्या, हात कोपरापर्यंत लालबुंद. फडकी नाहीत, तेल नाही. उघड्या हातांनी पिलं उपटत होत्या, आणि तीही पल्याडच्या अंगाची.

"आत्याबाई! ह्ये काय मांडलंय? हात बघा की!"

"लांब बस, वच्छे. चिकाचा हात तुला लागाय नगं."

"दोन घास तरी खावा."

"सर्जेराव खरं बोलतोय."

"काय खरं?"

"केकताड चाललंय. म्या चालिवलंय."

मी बांधाकडं बघितलं. मग एकेक करून सगळं ध्यानात आलं. आपल्या बाजूची पिलं काढायची, पल्याडची ठेवायची. जुनं झाड मेलं की खोड खणायचं, नांगर फिरवायचा. म्हणजे दर खेपेला कुंपण हातभर पल्याड, आणि आमचं रान हातभर मोठं. वर्षानुवर्षं. कुणाला दिसणार? रोज बघणाऱ्याला पोरगं वाढलेलं तरी कुठं दिसतं!

"ओढा हिकडनं खायचा," त्या म्हणाल्या, "तेवडंच म्या तिकडनं घ्यायची. जास्ती न्हाई, देवाशप्पत. पयल्यांदा एक पीलच ठिवलं. मनाला वाटायचं, पिलं आपली आपन फुटत्यात, म्या काय केलं? कुनाच्या घरात शिरून चोरलं न्हाई. पर हात धुताना रोज वाटायचं. रोज, वच्छे."

मला राग आला. खोटं कशाला बोलू? कीव नाही आली, रागच आला. पोटावर हात गेला आणि मी ओरडले, "आन् आता ती माती डोक्यावर घेनार तुमी? ह्ये माजं तिसरं हाय, आत्याबाई! आन् माझ्या हातातबी पहार दिलीत! मला न सांगता!"

"म्हनून तर सांगतीय. खोटं चालायची न्हाई म्या."

"मग खरं चाला."

"खरंच चालनार. गाव थुकंल तोंडावर. थुकू दे."

"आन् ह्यास्नी काय सांगायचं?"

"दिनकरला उद्या डोळ्यांनीच दिसंल," आत्याबाई म्हणाल्या आणि पुन्हा पिलं उपटायला लागल्या. मी भाकरी तिथंच ठेवून घरी आले. जेवल्या की नाही, ते विचारलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, सगळं गाव बांधावर लोटलं. पोटुशीनं शिवेवर येऊ नये म्हणतात, पण माझा पाय घरात ठरेना. वाटेच्या कडेला आमचं बोरीचं झाड होतं, त्याच्याखाली जाऊन उभी राहिले. नारळाच्या जागेची माती भावजींनी स्वतःच्या हातांनी पाटीत भरली. आत्याबाई ओलेत्यानं थरथरत उभ्या होत्या. भावजींनी पाटी उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि हात जोडून मागं सरकले.

आत्याबाई निघाल्या त्या केकताडापाशी गेल्याच नाहीत. सरळ आमच्या रानात शिरल्या.

"आये, बांध तिकडं हाय!" दिनकर ओरडला.

त्यांनी ऐकलं नाही. थोडं आत आल्या आणि थांबल्या. खाली बघितलं, डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. दोन पावलं मागं गेल्या, पुन्हा पुढं आल्या. नांगरलेलं रान, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं सारखं. ना दगड, ना खोड, ना एखादं जुनं मूळ. मी जवळच होते म्हणून मला त्यांचा आवाज ऐकू आला. "वच्छे, घावंना गं. कुटं हुती?"

बाई खरं चालायला निघाली होती, आणि खरं कुठाय तेच तिला सापडत नव्हतं. त्या खऱ्याची खूण न् खूण तिनं स्वतःच्या हातांनी खणून काढली होती, आणि शेवटी शेवटी तर माझ्याही.

"आत व्हा, आत्याबाई," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार? "अजून आत व्हा."

त्या आत झाल्या. आणि चालायला लागल्या. पण मनाची खात्री होईना, म्हणून दर चार पावलांनी अजून आत सरकत होत्या. भावजींचं तसूभरही आपल्याकडं राहायला नको, एवढंच त्यांना दिसत होतं. पाटीतली माती ओल्या केसांवर सांडत होती. नारळाची जागा तर केव्हाच मागं पडली. आमच्या रानाचा मध्य आला, तोही ओलांडला. आता राहिला होता ओढ्याच्या काठाचा पट्टा, दरसाल ढासळणारा.

"आये! आये, खुळी झालीस का? आमी खायाचं काय?" दिनकर धावला. दोघा-तिघांनी त्याला कव घालून धरलं. शीव चालणाऱ्याला अडवायचं नसतं. सर्जेरावाचं तर तोंड उघडं पडलं होतं. जागा मागायला आलेला माणूस तो, त्याला कुणी सगळं रानच उचलून द्यायला निघालं होतं.

"वैनी, थांबा."

भावजी बांध ओलांडून आमच्या रानात आले होते.

"मला चालू द्या, भावजी."

"थांबा म्हनतो न्हवं! हितवर आमचं कवाच न्हवतं."

आत्याबाई थांबल्या. पाटी सावरत वळल्या. "मग कुटवर हुतं? तुमास्नी ठावं हाय?"

"ठावं नसायला काय झालं? बांध माझ्या बानं घातल्याला. दरसाल पिलं माझ्याच अंगाला फुटत हुती, म्या काय आंधळा हाय?" भावजींचा आवाज खाली आला. "सर्ज्याची आय पहार घिऊन निगायची उपटाय. म्या म्हनायचो, ऱ्हाऊ दे. वढा तिचं रान खातुया, पोरं बारकी हायती. पोटापुरतं घेती ती, घिऊ दे."

दिनकरला धरणाऱ्यांनी त्याला सोडून दिलं. तो जागीच उभा राहिला, आईकडं बघत.

मग सर्जेराव बोलला. आमच्याशी नाही, बापाशी. "आबा, तुमास्नी ठावं हुतं?"

"व्हय."

"आन् आय? आय वढ्यातनं घागरी वाहून मेली, आबा! पानी ह्या मातीखाली हुतं. आपल्या मातीखाली. आन् तुमी पुण्य करत बसला?"

"पानी हुतं ह्ये मला कुटं ठावं हुतं, पोरा?" भावजी म्हणाले. "ठावं आसतं तर..." उपरण्याचं टोक त्यांनी डोळ्यांना लावलं. एवढी वर्षं गप्प राहून केलेलं चांगलं काम त्यांच्या अंगावर असं आलं, सगळ्या गावासमोर.

आत्याबाईंच्या डोक्यावरची पाटी लटलट हलत होती. पारूबाई आणि त्या एकाच झऱ्यावर बसायच्या. पारूबाईची कंबर गेली तेव्हा तिची घागर उचलून डोक्यावर द्यायला आत्याबाईच जायच्या. पाणी कुठं होतं ते तेव्हा दोघींनाही माहीत नव्हतं. पण ते शोधायची जागाच ह्या बाईनं आपल्या कुंपणाआड घेतलेली होती. हातभर मातीचा हिशेब आत्याबाईंनी मनात मांडला असेल. पारूबाईचा नव्हता मांडला.

"चला माझ्या मागं," भावजी म्हणाले.

समोरच्या डोंगराच्या खाचेवर नजर लावून ते चालायला लागले. मागनं पाटी घेऊन आत्याबाई. ज्या रेघेवरून ते दोघं गेले तिथं केकताड नव्हतं आणि आत्याबाई चालल्या होत्या ती वाटही नव्हती. नारळाची जागा भावजींच्या अंगाला गेली. माणसं मागं मागं दगड ठेवत होती. दिनकरनंही एक दगड उचलून ठेवला. मान वर केली नाही त्यानं.

टोकाशी पोचल्यावर भावजींनी पाटी उतरवली आणि माती शिवेवर ओतली. आत्याबाई तशाच उभ्या, हात अजून डोक्याशी, पाटी असल्यासारखे.

"भावजी, मला शिव्या द्या," त्या म्हणाल्या.

भावजी रिकामी पाटी झटकत राहिले.

"द्या की. समद्यांम्होरं द्या. पारू घागरी वाहून मेली. मला शिव्या तरी द्या!"

"तुमच्या घरात पोटुशी बाई हाय, वैनी," भावजी म्हणाले. "माझ्या तोंडातनं वंगाळ कसं काडू?"

मग माझ्याकडं वळून म्हणाले, "पोरी, तू उनात उबी ऱ्हाऊ नगंस. वैनीला घरला ने."

मी आत्याबाईंचा हात धरला. आदल्या दुपारपासून मी त्यांच्याशी धड बोलले नव्हते, त्यांच्या हाताचे फोड तेव्हा पहिल्यांदा नीट बघितले. मागं गाव पांगायला लागलं होतं. कुणी थुंकलं नाही, कुणी टोमणा मारला नाही. भावजींनीच काही म्हटलं नाही म्हटल्यावर बाकीच्यांनी काय म्हणावं? आम्ही दोघी बोरीपर्यंत आलो आणि आत्याबाई थांबल्या.

"येक जरी शिवी दिली आसती, वच्छे," त्या म्हणाल्या, "तर घरला जायाला पाय उचालला आसता."

आणि भर उन्हात, वाटेवरच, त्या खाली बसल्या.